मराठी शाळेतून पाचवीत गेलेल्या मुलाचा इंग्रजीचा तास: गोव्यातील पालकांसाठी मार्गदर्शन

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून चौथी उत्तीर्ण झालेले मूल हायस्कुलात पाचवीच्या वर्गात बसते, तेव्हा इंग्रजी त्याच्यासाठी एका विषयापुरते राहत नाही. गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल हे सगळेच विषय त्याला एकाएकी इंग्रजीतून शिकावे लागतात. प्राथमिक स्तरावर अनुदान फक्त कोकणी, मराठी यांसारख्या प्रादेशिक भाषांतील शाळांना द्यावे, असे धोरण राज्याने १९९० च्या सुमारास स्वीकारले आणि २०११ साली ते अनुदान इंग्रजी शाळांसाठीही खुले केले. त्या निर्णयांवरचे वाद आपल्याकडे पुष्कळ झाले. पाचवीपासूनचे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीतून, ही वस्तुस्थिती मात्र या सर्व काळात बदलली नाही. म्हणून पेडणे, डिचोली, सत्तरी किंवा फोंडा तालुक्यातील ज्या घरांत बोलणे कोकणीतून आणि लिहिणे-वाचणे मराठीतून चालते, त्या घरांतील पालकांना पाचवी ते आठवीच्या इंग्रजीच्या तासाला नेमके काय शिकवले जाते आणि त्यात आपण काय करू शकतो, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. पालकांना स्वतःला इंग्रजी येत नसले, तरी यातील बरेचसे त्यांना करता येते.

तासाला काय चालते

बाहेरून पाहणाऱ्याला इंग्रजीचा तास म्हणजे धडा वाचणे आणि त्याखालची प्रश्नोत्तरे वहीत उतरवणे एवढाच दिसतो. प्रत्यक्षात त्या तासात चार निरनिराळी कामे चालतात. पहिले काम वाचनाचे: पाठ्यपुस्तकातील गद्य धडे, कविता, जोडीला पूरक वाचनाच्या गोष्टी आणि पूर्वी न पाहिलेला उतारा वाचून त्यावरील प्रश्न सोडवणे. दुसरे व्याकरणाचे, ज्याची सुरुवात नाम, सर्वनाम, विशेषण यांच्या ओळखीने होते आणि सातवी-आठवीपर्यंत ती काळ, प्रयोग आणि कथनाचे रूपांतर इथपर्यंत पोहोचते. तिसरे लेखनाचे: परिच्छेद, पत्र, सूचना, निरोप, रोजनिशीतील नोंद, संवाद, मुद्द्यांवरून गोष्ट. चौथे ऐकण्या-बोलण्याचे, म्हणजे श्रुतलेखन, कविता म्हणणे, वर्गापुढे दोन मिनिटे बोलणे. या चौथ्या कामाला बहुतेक ठिकाणी वेळ अपुरा पडतो, आणि वर्गात चाळीस मुले असतील तर त्याचा दोष शिक्षकांना देणे योग्य होणार नाही.

मूल इंग्रजीत मागे पडत आहे असे वाटले, तर आधी ते या चारांपैकी कोठे अडते आहे हे शोधावे. मोठ्याने सफाईदार वाचणारे मूल वाचलेल्याचा अर्थ सांगू शकत नाही, असे वारंवार आढळते. आणि उत्तम समजणारे मूल केवळ स्पेलिंगच्या धास्तीने दोन ओळींत उत्तर आटोपते, असेही आढळते. या दोघांना एकच शिकवणी लावून उपयोग होत नाही.

पाठ केलेली प्रश्नोत्तरे

मुलाच्या इंग्रजीचे सर्वांत मोठे नुकसान तयार उत्तरे पाठ केल्याने होते, असे माझे स्पष्ट मत आहे. फळ्यावरून किंवा गाइडमधून उतरवलेली उत्तरे घोकून पाचवी-सहावीत चांगले गुण मिळतात, पालक निर्धास्त होतात, आणि आठवीत न पाहिलेल्या उताऱ्याचे व स्वतःच्या शब्दांत लिहिण्याच्या प्रश्नांचे वजन वाढले की तेच मूल गोंधळते. गाइड घरात असूच नये असे मी म्हणणार नाही. परंतु मुलाने स्वतः उत्तर लिहिल्यानंतर ताडून पाहण्यासाठी ते उघडावे, त्याआधी नाही.

त्याऐवजी प्रत्येक धड्याच्या वेळी पुढील क्रम ठेवावा. वर्गात धडा झाला त्या संध्याकाळी मुलाला पुस्तक मिटायला सांगावे आणि धड्यात काय घडले ते कोकणीत किंवा मराठीत सांगायला लावावे. कोण होते, काय झाले, ते तसे का वागले, शेवट कसा झाला एवढे ऐकले, की धडा किती उमगला आहे हे पालकांना इंग्रजीचा एक शब्दही न वाचता कळते. जेथे मूल अडखळते तेथे पुस्तक उघडून तोच परिच्छेद पुन्हा वाचायला सांगावा. त्यानंतर संपूर्ण धडा मोठ्याने वाचून घ्यावा, आणि मगच प्रश्नांकडे वळावे. घरच्या भाषेतून समजून घेतल्याने इंग्रजी कच्चे राहते, ही समजूत निराधार आहे. जे समजलेच नाही ते कोणत्याच भाषेत लिहिता येत नाही.

प्रश्नही एका जातीचे नसतात, हे मुलाला दाखवून द्यावे. काहींचे उत्तर धड्यातील एकाच ओळीत असते. काहींसाठी दोन दूरच्या ओळी जोडाव्या लागतात. काहींचे उत्तर कोठेच लिहिलेले नसते, ते पात्रांच्या वागण्यावरून ताडावे लागते, आणि काहींत मुलाचे स्वतःचे मत कारणासह विचारलेले असते. पेन्सिलने प्रश्नापुढे खूण करून तो यांपैकी कोणता हे ठरवण्याची सवय सहावीत लागली, तर न पाहिलेल्या उताऱ्याची भीती बरीच कमी होते. तेथे उतारा एकदा सलग वाचावा, मग प्रश्न वाचावेत आणि मग उत्तरे शोधण्यासाठी पुन्हा उताऱ्याकडे यावे. एखादा कठीण शब्द आला म्हणून थांबू नये. आजूबाजूच्या वाक्यांवरून त्याचा अंदाज करणे, हेही परीक्षेत तपासले जाणारे कौशल्यच आहे.

स्पेलिंग आणि उच्चार

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते जवळपास पक्के असते, त्यामुळे मराठी सहज वाचणारे मूल इंग्रजीतही तीच अपेक्षा बाळगते आणि निराश होते. गोव्यातील मुलाची आणखी एक अडचण आहे. येथील गावांची नावे रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाने लिहिली जातात. डिचोलीच्या पाटीवर पहिले अक्षर बी आणि शेवटचे एम असते, शेल्ड्याच्या पाटीची सुरुवात एक्सने होते. रोज बसमधून अशा पाट्या वाचणाऱ्या मुलाला हे इंग्रजीचे नियम नाहीत, पोर्तुगीजांच्या लेखनपद्धतीचा तो वारसा आहे, हे एकदा सांगून टाकावे.

इंग्रजी स्पेलिंग सर्वस्वी बेबंद नाही. सी या अक्षरापुढे ई, आय किंवा वाय आले तर त्याचा उच्चार बहुधा ‘स’ होतो, इतरत्र ‘क’ होतो. ‘कॅप’च्या शेवटी ई जोडला की ‘केप’ होते, ‘हॅट’च्या शेवटी जोडला की ‘हेट’. तो ई स्वतः बोलत नाही, मधला स्वर मात्र बदलतो. ‘नाइट’, ‘लाइट’, ‘राइट’ यांत जी आणि एच मुके असतात, ‘नाइफ’ आणि ‘नी’ यांत आरंभीचा के मुका असतो, ‘लॅम्ब’ आणि ‘क्लाइम्ब’ यांत शेवटचा बी. असे शब्द एकेकटे घोकण्यापेक्षा कुटुंबाप्रमाणे एकत्र लिहून काढले तर लवकर बसतात. पाठांतराची रीतही सोपी आहे: शब्द पाहावा, झाकावा, न पाहता लिहावा, उघडून ताडावा. दहा वेळा पाहून उतरवण्यापेक्षा दोनदा न पाहता लिहिणे अधिक फलदायी ठरते.

व्याकरण: मराठीची सवय कोठे आड येते

व्याकरणाच्या बाबतीत मराठी शाळेतून आलेल्या मुलाकडे एक भांडवल आधीच असते. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे त्याने मराठीत शिकलेले असते; इंग्रजीत त्यांची नावे तेवढी नवी असतात. म्हणून इंग्रजी व्याकरणाचा नवा भाग आला की मराठी व्याकरणाचे पुस्तक शेजारी उघडून ठेवावे. त्याच वेळी, मुलाच्या बहुतेक चुका मराठीच्या किंवा कोकणीच्या सवयीतून येतात, हेही पालकांनी ओळखावे. चूक कोठून आली हे मुलाला कळले, की ती सुधारणे सोपे जाते.

क्रियापदाला लागणारा एस हे पहिले उदाहरण. मराठीत मुलगा ‘मी जातो’ म्हणतो आणि ‘तो जातो’ असेही म्हणतो. दोन्हीकडे रूप एकच. ‘स’ येतो तो ‘तू जातोस’ या द्वितीय पुरुषात. इंग्रजीत मात्र वर्तमानकाळी एस लागतो तो तृतीय पुरुष एकवचनालाच: ‘आय गो’, ‘यू गो’, पण ‘ही गोज’. म्हणून ‘ही गो टू स्कूल’ असे लिहिणारे मूल निष्काळजी असते असे नाही. ते आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळत असते. त्यातच आदरार्थी बहुवचनाची भर पडते. ‘बाबा दुकानात आहेत’ असे बोलणारे मूल ‘माय फादर आर इन द शॉप’ असे लिहिते. इंग्रजीत वडील असोत की मुख्याध्यापक, एक माणूस एकवचनीच असतो, हे त्याला एकदा हसत-हसत समजावले की पुरे.

काळांपैकी सर्वांत फसवा तो भूतकाळ. ‘काल मी म्हापशाला गेलो होतो’ हे अगदी स्वाभाविक मराठी वाक्य आहे, आणि त्याचे जसेच्या तसे रूप म्हणून मूल ‘आय हॅड गॉन टू म्हापसा यस्टर्डे’ असे लिहिते. इंग्रजीत येथे साधा भूतकाळच हवा: ‘आय वेन्ट’. ‘हॅड’ तेव्हाच येते, जेव्हा भूतकाळातील दोन घटनांपैकी आधी घडलेली घटना दाखवायची असते. आम्ही स्टँडवर पोहोचलो त्यापूर्वी बस सुटली होती, अशा वाक्यात. याच्या सरावासाठी मुलाला काल केलेल्या पाच गोष्टी साध्या भूतकाळात लिहायला सांगाव्यात आणि वहीतील प्रत्येक ‘हॅड’पुढे ‘त्यानंतर काय घडले?’ असे विचारावे. उत्तर देता आले नाही, तर बहुधा तो ‘हॅड’ खोडायचा असतो.

प्रश्न विचारण्याची रचना सहावीपर्यंत पक्की झाली पाहिजे. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न तयार होतो, शब्दांचा क्रम हलत नाही. इंग्रजीत ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ पुढे आणावे लागते आणि ते आले की मूळ क्रियापद आपल्या साध्या रूपात परतते. ‘डिड यू वेन्ट?’ ही चूक यातूनच होते. भूतकाळ ‘डिड’ने आधीच दाखवलेला असतो, तो दोनदा दाखवायचा नसतो. वाक्याच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रश्नांचेही तसेच. आपण कोकणीत, मराठीत आणि गोव्याच्या इंग्रजीतही सर्व वाक्यांना एकच ‘ना’ किंवा ‘नो’ लावतो. पाठ्यपुस्तकातील इंग्रजीत मात्र होकारार्थी वाक्याला नकारार्थी शेपूट लागते, नकारार्थीला होकारार्थी, आणि त्यातले सहायक क्रियापद मूळ वाक्याला जुळणारे असते. बोलताना ‘यू आर कमिंग, नो?’ म्हणण्याबद्दल मुलाला रागावण्याचे कारण नाही. पेपरात मात्र ‘आरन्ट यू?’ लिहावे लागते.

सातवी-आठवीत येणारे दोन भाग मराठी मुलाला विशेष जड जातात. पहिला प्रयोगाचा. ‘गोविंदाने आंबा खाल्ला’, ‘गोविंदाने कैरी खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते आणि कर्त्याला ‘ने’ लागतो. त्यामुळे मुलाला हे वाक्य इंग्रजीतील पॅसिव्हसारखे, म्हणजे कर्माला कर्त्याच्या जागी ठेवणाऱ्या रचनेसारखे, भासते आणि तो ‘बाय गोविंद’ लिहून मोकळा होतो. या वाक्याचे इंग्रजी मात्र साधे अॅक्टिव्हच होते, ‘गोविंद एट अ मँगो’. दुसरा भाग कथनाचा. मराठीत आपण ‘तो म्हणाला, की मी उद्या येतो’ असे बोलतो. मूळ बोलणाऱ्याचे शब्द, त्याचा ‘मी’, त्याचा ‘उद्या’ हे सर्व जसेच्या तसे राहते. इंग्रजीच्या अप्रत्यक्ष कथनात ‘मी’चा ‘तो’ होतो, काळ एक पायरी मागे जातो, आणि ‘टुमॉरो’च्या जागी ‘द नेक्स्ट डे’ येते. हे तीन बदल तीन निराळ्या रंगांच्या पेन्सिलींनी करून घेतले, तर कोणता राहून गेला ते मुलाला स्वतःच दिसते.

‘अ’, ‘अॅन’ आणि ‘द’ यांना मराठीत जोड नाही, म्हणून ती चुकणारच आणि दीर्घकाळ चुकत राहणार. निदान एवढे शिकवावे, की ‘अॅन’ अक्षराकडे पाहून लावायचा नसतो, उच्चार ऐकून लावायचा असतो: ‘अॅन अवर’, पण ‘अ युनिफॉर्म’. शब्दयोगी अव्ययांची जागा मराठीत नामानंतर असते, इंग्रजीत ती नामाआधी येते. यासाठी घरातल्या वस्तूंकडे बोट दाखवून तोंडी सराव करणे हा उत्तम उपाय आहे. बाकी वाक्यांचे प्रकार, विशेषणांच्या तुलना, उभयान्वयी अव्यये हे भाग पुस्तकातील स्वाध्याय प्रामाणिकपणे सोडवले तरी पुरेसे होतात.

लेखन

लेखनात विषय मुलाच्या ओळखीचा असणे अर्धे काम करते. परीक्षेत ‘माय फेव्हरेट फेस्टिव्हल’ असा विषय आला, की गाइडमधला दिवाळीचा निबंध पाठ करून लिहिणाऱ्या मुलांची उत्तरे एकसारखी दिसतात, आणि तपासणाऱ्याला ते तत्काळ कळते. त्याऐवजी मुलाने आपल्या घरच्या चवथीवर, म्हणजे गणेशचतुर्थीवर, लिहावे. माटोळी (गणपतीच्या वर बांधली जाणारी फळांची आरास) कोणी बांधली, सुपाऱ्या, नारळ, आंबाडे आणि तोरिंग कोठून आणले, कोणती रानफळे यंदा मिळाली नाहीत, आरत्या रात्री किती वाजेपर्यंत चालल्या: एवढा मजकूर हाताशी असला, की वाक्ये लहान असली तरी ती त्याची स्वतःची असतात. माटोळी या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसू नये. शब्द तसाच ठेवून पुढच्या वाक्यात ती म्हणजे काय हे समजावून लिहावे. अशी समजावणी लिहिणे हा वर्णनाचा फार चांगला सराव होतो.

लिहिण्याआधी पाच-सहा मुद्दे मराठीत टिपून त्यांचा क्रम ठरवू द्यावा, मात्र पूर्ण निबंध मराठीत लिहून मग त्याचे भाषांतर करू देऊ नये. त्यातून लांबलचक आणि गुंतागुंतीची वाक्ये तयार होतात. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. लिहून झाल्यावर मुलाने ते मोठ्याने वाचावे, आणि पालकांनी प्रत्येक वाक्य मोठ्या अक्षराने सुरू होऊन पूर्णविरामाने संपते का, माणसांची व गावांची नावे मोठ्या अक्षराने लिहिली आहेत का, नवा मुद्दा नव्या परिच्छेदात आहे का, एवढेच पाहावे. लाल पेनाने प्रत्येक चूक रंगवलेली वही मूल पुन्हा उघडत नाही. एका वेळी एकाच प्रकारच्या चुका सुधारून घ्याव्यात.

पत्रांचे दोन प्रकार शिकवले जातात. अनौपचारिक पत्र सावंतवाडीच्या मावसभावाला चवथीला बोलावण्यासाठी असू शकते, आणि त्यात मोकळेपणा हवा. औपचारिक पत्र मुख्याध्यापकांना, सरपंचांना किंवा वृत्तपत्राच्या संपादकांना लिहायचे असते. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, ज्याला लिहायचे त्याचे पद व पत्ता, विषय, अभिवादन, मजकूर आणि शेवट हा क्रम ठरलेला असतो, आणि त्या मांडणीलाच काही गुण राखून ठेवलेले असतात. मजकुरात समस्या काय, तिचा त्रास कोणाला होतो आणि आपली विनंती काय, हे तीन परिच्छेदांत आटोपशीर यावे. बसथांब्यावर दिवा नाही, अशी गावातील खरी अडचण घेऊन सराव केला तर मजकूर आपोआप सुचतो. सूचना लिहिताना चौकट, शाळेचे नाव, तारीख, शीर्षक आणि शेवटी लिहिणाऱ्याचे नाव व पद ही अंगे विसरू नयेत.

कविता

कवितेला घरी फार वेळ देण्याची गरज नाही, पण ती मोठ्याने म्हटली जावी. यमक कोणत्या ओळींचे जुळते ते शोधून ओळींपुढे अक्षरे मांडणे मुलांना आवडते. अलंकारांत उपमा, रूपक, अनुप्रास आणि चेतनगुणोक्ती हे चारच या वर्गांत वारंवार विचारले जातात, आणि यांतील बहुतेक मराठीच्या तासाला भेटलेले असतात.

शब्द, वर्तमानपत्र, ग्रंथालय

शब्दसंग्रह इंग्रजीच्या तासापुरता ठेवून चालत नाही, कारण पाचवीतील मुलाची खरी अडवणूक विज्ञान आणि भूगोलाच्या पुस्तकांत होते. एक स्वतंत्र वही करावी. प्रत्येक विषयातील नवा शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि तो वापरलेले पुस्तकातील वाक्य तीत लिहावे. नुसत्या अर्थांची यादी लवकर विस्मरणात जाते. पाचवी-सहावीत इंग्रजी-मराठी शब्दकोश वापरावा, सातवीपासून विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश जोडीला घ्यावा. कोशातील पानाच्या माथ्यावरचे दोन शब्द पाहून हवे ते पान कसे गाठायचे, हे मुलाला हाती कोश देऊन दाखवावे. मोबाईलवर अर्थ शोधणाऱ्या मुलांना ते येत नाही.

ज्या घरात ‘नवप्रभा’ किंवा ‘गोमन्तक’ येतो, त्या घरासाठी एक सोपा उपाय आहे. आठवड्यातून एकदा ‘नवहिंद टाइम्स’ किंवा ‘हेराल्ड’ही आणावा आणि एकच बातमी आधी मराठीत, मग इंग्रजीत वाचायला द्यावी. गावात पूर आला, सामना झाला, रस्ता बंद राहिला, अशी स्थानिक बातमी निवडावी. काय घडले हे आधीच माहीत असल्याने मूल इंग्रजी वाक्ये न घाबरता वाचते आणि शब्दांचे अर्थ स्वतःच जुळवते. अग्रलेखाच्या वाटेला मात्र आठवीपूर्वी जाऊ नये.

पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे; १८३२ साली सुरू झालेल्या या संस्थेत मुलांसाठी वेगळा विभाग आहे. पणजीला जाणे शक्य नसेल, तर जवळचे तालुका ग्रंथालय किंवा शाळेचे ग्रंथालय गाठावे. पुस्तक मुलाच्या इयत्तेपेक्षा सोपे निवडण्यात कमीपणा नाही. पहिले पान उघडून त्यात पाचांहून अधिक शब्द अडले, तर ते पुस्तक परत ठेवून दुसरे घ्यावे. सातवीतील मुलगा पाचवीच्या पातळीचे गोष्टीचे पुस्तक दोन दिवसांत संपवत असेल, तर त्याला आनंदाने संपवू द्यावे.

शिक्षकांची भेट

पालकसभेत ‘आमचा मुलगा इंग्रजीत कसा आहे?’ असे विचारले, तर ‘ठीक आहे, अभ्यास वाढवा’ असे उत्तर मिळते आणि भेट तेथेच संपते. त्याऐवजी तपासलेली उत्तरपत्रिका सोबत न्यावी आणि गुण कोठे गेले ते विचारावे: उताऱ्यात, व्याकरणात, लेखनात की स्पेलिंगमध्ये. वर्गात मूल स्वतःहून बोलते का, हेही विचारावे. शिक्षकांनी एक भाग नेमका दाखवला, तर पुढील चाचणीपर्यंत घरी त्याच भागावर लक्ष द्यावे. शिकवणी लावायचीच असेल, तर तेथे धड्यांची तयार उत्तरे लिहून देतात की मुलाकडून लिहून घेतात, याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी, आणि पहिला प्रकार असेल तर ती शिकवणी लावू नये.